चुस्का

आमच्या वाळवंटात धुळीला चुस्का म्हणतात.
पिठाहून बारीक. भाकरीत असते, पापणीत असते,
मेलेल्याची मूठ उघडली तर तिथेही.
सोइलोने घोडीला तेच नाव ठेवलं,
कारण ती त्याच रंगाची होती
आणि तिलाही कोणी दाम देऊन विकत घेतलं नव्हतं.

नऊ वर्षं तिने पाण्याचा गाडा ओढला
सोऱ्याच्या कारखान्यापासून आमच्या पत्र्याच्या खोल्यांपर्यंत.
गुडघे बाहेर वळलेले, एक कान खेचराने चावलेला.
दारापाशी सोइलो घंटा वाजवी, ती थांबे.
शेवटचा डबा भरला की बाया पळीने
त्यावर दोन टोले देत, टण् टण्,
ती चालू लागे.
एवढंच तिचं शिक्षण. माझंही फार नव्हतं.

मग दूरदेशी कुणी सोरा हवेतून काढू लागलं म्हणे.
हवेतून!
आणि आम्ही बापजन्मभर डोंगर फोडत होतो.
एका मंगळवारी भोंगा वाजला नाही.
पगाराचे काळे बिल्ले खिशात तसेच राहिले,
ते घेऊन साबण देणारं एकमेव दुकान
मालकासकट बोटीत बसून गेलं.
आम्ही गाठोडी घेऊन इकीकेच्या बंदरात उतरलो.
गोदामात झोपायला पोती,
ओतिलियाच्या एका कढईवर तीनशे तोंडं.

इंग्रज व्यापाऱ्यांच्या मैदानावर
रविवारची शर्यत मात्र चालू होती.
नियमाने सहा घोडे लागत, उरले होते पाच.
म्हणून चुस्का.

घंटा झाली. पाच घोडे सुटले.
चुस्का उभी,
कुणाच्या तरी दारात पाणी उतरवायचं असल्यासारखी.
सज्जातल्या टोप्या हसून हसून पडल्या.
आमचेही हसले, खोटं का बोलू.
पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही.
तरी लोक तिला बघायला उपाशी पोटी
तीन मैल चालत जाऊ लागले,
आणि ती उभी राहिली की टोप्या काढू लागले.
ओतिलिया एकदा कुंपणाला टेकून म्हणाली,
"अरे, ती आपली वाट बघतेय."

चौथ्या रविवारी कढईखाली जाळ नव्हता.
बाया शालीखाली डबे घेऊन गेल्या. पळी ओतिलियाच्या कमरेला.
बुकीने बिल्ले घेतले नाहीत,
म्हणून अन्सेल्मो न्हाव्याने आपला वस्तरा लावला,
एकास साठ.
वर बसला एवारिस्तो, वय चौदा,
चाबूक त्याने शुक्रवारीच विकून खाल्ला होता.

मी गोदामापाशी, रांगेत.
प्रत्येकाने आपल्या जागी एकेक दगड ठेवलेला,
आणि कुणीतरी दगड राखायला हवं होतं.

आधी वाटलं गारा.
मग आठवलं, इथे पाऊसच पडत नाही.
टण् टण् टण् टण्,
सगळं बंदर पत्र्याचं झाल्यागत,
नांगरलेल्या बोटींवरचे खलाशी कठड्याशी धावले.

कुणी सांगतं नाकाने जिंकली, कुणी तीन अंगांनी.
लुक्रेसिया शपथेवर सांगे की ती पळालीच नाही,
फक्त चालत राहिली, बाकीचे घाबरले.
एक मात्र खरं, रेषेपाशी ती थांबली नाही.
मैदानाच्या फाटकातून बाहेर, उतारावरून खाली,
मागे घंटा घेऊन सोइलो, त्याच्यामागे दोन हजार माणसं,
एवारिस्तो मानेला मिठी मारून रडतोय.
आमच्या रांगेच्या टोकाशी सोइलोला घंटा वाजवायला दम सापडला.
ती थांबली.
फेसाने पांढरी, पोटऱ्या थरथरताहेत,
आणि मान वळवून बघतेय मागे,
गाडा कुठे गेला म्हणून.

वस्तऱ्याचे पैसे आले. दोन दिवस कढईत घेवडा शिजला,
पहिल्या दिवशी हाडंही होती.
कारखाना उघडला नाही. तिसऱ्या दिवशी
दक्षिणेकडची बोट लागली, अर्धे लोक तिच्यात चढले.

साठ वर्षं मी नातवंडांना सांगत आलो
की मी कुंपणावर होतो, तिच्या खुरांची धूळ
माझ्या दातांत गेली.
नव्हतो.
मी दगडांपाशी होतो.
त्यातला सातवा माझा होता.