सत्ताविसावा पक्षी

पोंक्षेबाईंच्या यादीत
सत्ताविसाव्या नंबरावर हा: फिनफूट.
आफ्रिका. नदीकाठ. लाजाळू.
मराठी नाव: रकाना कोरा.

सोबत फोटो, त्यात पाणीच जास्त.
पक्षी कोपऱ्यात, सावलीत,
उधारीवाला दिसताच
गल्लीत वळलेल्या माणसासारखा.

मी चेंदणीचा. वीस वर्षं पाट्या रंगवल्या,
किराणा भुसार, दाताचा दवाखाना, येथे थुंकू नये.
मग फ्लेक्स आला. ब्रश रॉकेलमध्ये धुऊन
जुन्या साडीत गुंडाळून ठेवले,
ते पुतणीच्या ओळखीनं पुन्हा काढले
शाळेच्या पुस्तकासाठी.
पक्ष्यामागे साडेतीनशे.

तर हा असा:
पाठ ओल्या गोणपाटाची, वर चुन्याचे शिंतोडे.
डोळ्यामागून निघून मानेवरून उतरणारी
एक पांढरी रेघ
(अशी रेघ ओढायला मला हल्ली
दोनदा श्वास धरावा लागतो).
चोच शेंदरी, सुरीसारखी.
शेपूट लांब, ताठ, पाण्यावर टेकलेली.

पोहतो तो अंग बुडवून,
दर वल्ह्याला मान पुढे, मान मागे,
जणू कुणाला तरी हो हो म्हणत.
नदीच्या मधोमध कधीच नाही.
काठावरच्या झुकलेल्या फांद्यांखालून,
आपल्याच सावलीच्या कडेकडेनं.
घरटं बांधतो तेही पुरानं आणून
अडकवलेल्या काटक्यांच्या गचपणात.
फारच घाबरला तर उडायचं सोडून
पाण्यावरून धावत सुटतो, फटफटफट,
आणि तेव्हाच दिसतात म्हणे ते पाय.

ते पाय. बोटाबोटाला पाकळ्या,
रंग भडक शेंदरी, मी 'थांबा' लिहायला वापरायचो तो.
पाटीचा नियम साधा आहे,
सगळ्यात भडक ते सगळ्यात वर.
ह्यानं ते पाण्याखाली ठेवलंय.

बाईंचा फोन: पाय दिसले पाहिजेत हं,
मुलांना कळणार कसं?

दोन दिवस कागद कोरा.
तिसऱ्या दिवशी चांगुणा नाखवा
निवट्यांची पाटी दारात टेकवून आत डोकावली.
"यो कंचा पाखरू?"
आफ्रिकेचा, म्हटलं.
फोटो लांब धरून बघितला तिनं.
"झाराखाली दरून रेतो. शाना हाय.
पन तुजी झारा खोटी.
खारीवर ये, दाकवतंय."

ओहोटी होती.
पलीकडे कळव्याच्या इमारती, उन्हात पांढऱ्या फटक.
तिवरांच्या फांद्या पाण्याकडे वाकलेल्या,
त्यांना पिशव्या, एक बाहुलीचा हात,
आणि खाली ती काळसर हिरवी सावली
जी मला दोन दिवस सापडत नव्हती.
मी फांद्या उतरवत बसलो.
चांगुणा गुडघ्यापर्यंत चिखलात,
पाय दिसतच नव्हते तिचे,
वरून वाटावं बाई नुसती उभी आहे.
पण खाली काहीतरी चाललेलं,
चाचपणं, टाच रोवणं, बोटांनी बीळ हुडकणं,
आणि एकदम हात खुपसून
निवटी वर.

नंतर नळावर तिनं पाय धुतले.
शिंपल्यांनी कापलेले, भेगाळलेले, लालभडक.
मी बघतोय हे पाहून
लुगडं खाली ओढलं. "काय बगतंस?"
काही नाही, म्हटलं.

रात्री आधी पाय काढले,
पाकळीन् पाकळी, पुरा शेंदूर.
वाळू दिले.
मग त्यांच्यावरून पाण्याचा हात फिरवला,
पातळ, मातकट, एकदा, पुन्हा एकदा.
आता दिसतात म्हटलं तर दिसतात.
बाई बहुतेक परत पाठवतील.

कोऱ्या रकान्यात लिहिलं: शेंदूरपाय्या.
पेन्सिलीनं, खोडता यावं म्हणून.

अठ्ठाविसावा शहामृग आहे.
त्याचं काही अडणार नाही.