खलास

फॉर्मवर बापाच्या कामाचा रकाना होता.
मी लिहिलं, सर्व्हिस टेक्निशियन.
डॉक्टर इब्तिसाम, सुदानच्या, चष्म्यावरून बघत म्हणाल्या,
कसली सर्व्हिस?
शमीम माझ्याआधी बोलली : झुरळं मारतो.

अजमानमध्ये झुरळांना तोटा नाही.
नुऐमियाच्या जुन्या इमारतीत एका फ्लॅटमध्ये चार बिऱ्हाडं,
मधे प्लायवूड, खालच्या फटीतून
याचं झुरळ त्याच्या डाळीत.
मी पाठीला टाकी लावून जातो
आणि लोक पाहुणा आल्यासारखं दार उघडतात.
एका बाईंनी सरबत दिलं होतं, पोटुशी होत्या.
पेला ठेवून मी त्यांच्याच पलंगाखाली नळी घातली.
ऑगस्ट होता, खिडक्या कोण उघडी ठेवणार?
कितवा महिना, ते मी विचारलं नाही.

ट्रेनिंगला कुरियाकोस हसवत शिकवायचा :
नस म्हणते, चल. पाय चालतो.
मग अंगातलंच कुणीतरी म्हणतं, खलास.
पाय थांबतो.
आपलं औषध त्या खलास म्हणणाऱ्याचं तोंड दाबतं.
मग नस म्हणतच राहते, चल चल चल चल,
झुरळ उताणं पडून धावतं.
आम्ही पोट धरून हसलो.
तो शब्द आम्हाला शिकावा लागला नव्हता,
दापोलीतही तोच, इथेही तोच,
इथे तर त्या नावाचा खजूर मिळतो.

माणसाच्या पोरातही तोच निरोप्या असतो,
हे तेव्हा कुणी बोललं नाही.

रुमैसा दोन वर्षांची असताना
किल्ली वाजली की धावत यायची,
गुडघ्यांना मिठी, तोंड माझ्या ओव्हरऑलमध्ये खुपसून.
त्या कापडाला लसणासारखा वास.
शमीम ते तिच्या झबल्यांबरोबरच धुवायची,
पाण्याचं बिल वाचावं म्हणून.
मला वाटायचं, दिवसभर शिव्या खाऊन आलेल्या माणसाला
एवढं तरी असावं.

आता ती पावणेपाचची. सव्वीस शब्द.
वाणसामानाच्या यादीमागे शमीमने लिहून ठेवलेत.

एका मुलावरून सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाल्या.
जन्मतःच असेल, जुना रंग असेल,
डोळ्यांत घालता तो सुरमा असेल, शिशाचा.
रक्त तपासू.
हजार मुलं मोजली तर थोडा उतार दिसतो,
आणि त्यांनी हाताने हवेत तो उतार काढला,
सायकल सोडली तर आपोआप जाईल, इतकाच.
त्यावर माझी मुलगी कुठे, ते त्यांना माहीत नाही.
मी म्हटलं, आम्ही मोजून मारतो, लिटरला किती ते ठरलेलं असतं.
त्या म्हणाल्या, बाळाचा मेंदू अजून बांधकामात असतो.

बांधकाम मला कळतं.
जर्फच्या पलीकडे वाळूत आधी पाट्या लागतात,
रस्ते मागाहून येतात.
तिथे रात्रीतून कुणी एक पाटी फिरवून ठेवली
तर मोडलेलं काहीच दिसणार नाही.
ट्रक दुसरीकडे जात राहतील.

शमीमला चौथा महिना आहे.
मी आता व्हॅनमध्येच कपडे बदलतो,
ओव्हरऑल पिशवीत, पिशवीला दोन गाठी,
मग मशिदीमागच्या नळाखाली डोकंसुद्धा.
पेशावरचा वॉचमन म्हणतो, भाईसाब, इतना वुजू?
फोरमनकडे ऑफिसातलं काम मागितलं.
तो म्हणाला बघू, म्हणजे नाही.

दारात रुमैसा उभी असते.
धावत येत नाही. मीच शिकवलंय : थांब.
शिकवायला दोन महिने लागले.
तोवर ती चपलांचे जोड लावते, डावी उजवीकडे,
माझ्या ओल्या केसांकडे बघते
आणि सव्विसांतला एक शब्द काढते :
दर्या?

नाही गं. नळ.
नळ, मी पुन्हा म्हणतो,
तिच्या ओठांकडे बघत. नळ.