अकरा हजार तास, शून्य किलोमीटर

टोर्फहाउसच्या चढावर आमचं इंजिन गेलं.
आवाज असा, की कुणी डबाभर चमचे
जिन्यावरून ओतलेत.
मागे सोळा गाड्या, हॉर्न न वाजवता चिडलेल्या.

हेनिंगनं झाकण उघडलं, बोट काळं केलं, पुसलं.
"वजन किती हिचं?"
असेल अडीच टन, मी म्हणालो.
तो हसला नाही. गाडी ओढत नेली साखर कारखान्यावर,
बीटच्या ट्रॉल्या तोलतात त्या काट्यावर.
तीन हजार तीनशे ऐंशी.
आम्ही दोघं खाली उभे असताना.

मग आठवडाभर जेवणाच्या टेबलावर इंजिनंच.
विबकेला हवं होतं नवं, हलकं, पेट्रोलवालं,
एकशे पासष्ट घोड्यांचं.
मला जुन्याच जातीचं, बोल्टाला बोल्ट.
हेनिंगनं दोघांचे कागद उलटे ठेवले, वर कप ठेवला.
"घोडे सपाटीला मिरवायला.
चढाला टॉर्क लागतो, हळू फिरून ओढणारं काहीतरी.
आणि गिअरबॉक्सला सोसेल इतपतच,
नाहीतर बैल दांडगा नि जू मोडकं."

ते सापडलं लूअर्सच्या बटाट्याच्या शेतात,
पत्र्याच्या खोपटात.
पाच सिलिंडरचं डिझेल, जमिनीला जखडलेलं,
पाइपातून पाणी रेटत.
कोरडे उन्हाळे रात्रंदिवस धावलं
आणि कुठंच गेलं नाही.

लूअर्स म्हणाला, न विचारताच,
"समुद्र एकदा पाहिला मी. धुकं होतं."
पैसे मोजून घेतले, त्यातले पन्नास परत दिले.
"आधी फिल्टर बदला."

बसवायला नऊ आठवडे.
माउंटिंग कापून पुन्हा जोडली, रेडिएटर मोठा आला,
विबकेचं बुटांचं कपाट गेलं,
त्यावर एक अख्खा रविवार ती बोलली नाही.
शिक्का मिळाला तिसऱ्या तपासणीला.

आता चढावर पस्तीसनं जातो आम्ही.
दुधाचे टँकरसुद्धा ओलांडतात.
पण ते दमत नाही. एकाच सुरात घुमत राहतं,
त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही
की शेत मागे राहिलं.

रात्री लूअर्सचा फोन. आमची खुशाली विचारत नाही.
"कुठवर पोचलं?"
विबके गावाचं नाव अक्षर अक्षर सांगते.
पलीकडे पेन्सिल खरखरते.
"माती कशी आहे तिथली?"
वाळूची, ती म्हणते.
तो थांबतो.
"मग पाणी लागेल," म्हणतो.