मिठापुरतं

कुटबणच्या जेटीवर अकरा वाजता भाव मरतो.
हॉटेलवाले गेलेले, मडगावचा टेम्पो भरलेला.
उरतात ते बांगडे, पोट सुटायला लागलेले,
आणि पालथ्या टोपलीवर बसून
सुपारी कातरणारी पेर्पेतमाय.

घाई तिनं कधी केली नाही.
जे कुणालाच नको ते आपल्याकडेच येणार,
हे सासूनं तिला शिकवलं होतं
सुरी हातात द्यायच्या आधी.

एप्रिलात बर्फाचा कारखाना बंद पडला.
कॉम्प्रेसर गेला म्हणे, माणूस हुबळीहून यायचा होता.
आणि तीन ट्रॉलर एकाच सकाळी लागले.
कायतान,
एरवी नाकावर रुमाल धरून
आमच्या वाळवणाच्या कडेनं जाणारा,
आज जाळ्यांवर पसरलेल्या लेप्यांमध्ये येऊन उभा.
‘माये, सगळं घे. भाव तू सांग.’

मी वही उघडली. मनात आकडा पाडलासुद्धा.
ती उठली, माटवात गेली,
एकेका पोत्याला हात लावून परत आली.
‘सात पोतीं मीठ आसा. सात पोत्यांचेंच घेतां.’
भाव कालचाच.
आणि बाकीचं?
तिनं साळ नदीच्या मुखाकडे पाहिलं.
घारी जमायला लागल्या होत्या.

रात्री दोनपर्यंत आम्ही पाचजणी चिरत होतो.
पाठीतून चीर, आतडं बाहेर, मूठभर मीठ,
पिंपात थर, वर दगड.
माझ्या अंगठ्यात काटा गेला, त्यावर मीठ बसलं,
ती जागा अजून पांढरी आहे.

मी विचारलं, कालचाच का गं भाव?
म्हणाली, आज तो बुडतोय. उद्या मी बुडेन,
तेव्हा त्याला आठवायला हवं.
मग दोन बांगडे चिरून झाल्यावर:
नाही आठवणार म्हणा.

बंदीच्या आदल्या दिवशी खलाशी गावी निघाले.
सुकरा आला, कायतानच्या बोटीवरचा,
सिमडेग्याचा, नवी बॅग, नवे बूट.
दोन किलो मागितले.
त्यानंच ओढले होते हे जाळ्यातून,
कदाचित ओळखतही असेल.
पेर्पेतमायनं तोलून दिले,
वर कागदात मूठभर गालमो.
ते मी वहीत लिहिलं नाही.

‘दोन रात्री गाडीत टिकेल ना, माय?’

तिनं एक बांगडा उचलला,
दगडावर आपटला.
लाकडासारखा वाजला.