पाच बोटांचा पोपट

सर गेले तेव्हा मी शिडीवर होतो,
साखर पेठेत, एका पतसंस्थेच्या पाटीवर.
'मर्यादित'चा रफार द्यायचा राहिला होता.
दोन दिवस पाटी 'मयादित'च होती.
मालक काही बोलला नाही,
त्याच्या पोरीनंही एलिमेंटरी सरांकडूनच दिली होती.

इरय्या गुर्रम. कॉलेजात प्राध्यापक,
पेठेत नुसते सर.
गुर्रम म्हणजे घोडा, आमच्या घरातल्या भाषेत;
म्हणून सहीऐवजी चित्राच्या कोपऱ्यात
घोडा काढायचे, शेंगदाण्याएवढा.

रविवारी त्यांच्या अंगणात शहाबादीवर
विड्या वळणाऱ्या बायांची पोरं. त्यात मी.
कागद म्हणजे मागावरून उतरलेले
जेकार्डचे भोकाभोकाचे पुठ्ठे.
"भोकं टाळू नका," म्हणायचे,
"त्यातून जे दिसतंय तेही काढा."
आईच्या सुपातल्या तेंदूपानाचा रंग
कुठल्याच बाटलीत मिळत नाही, हे त्यांनी
मला आठवडाभर शोधायला लावून शिकवलं.

मग ती सरकारी दवाखान्याची भिंत.
अक्कलकोटकडच्या, इंडीकडच्या बाया
न वाचता येणारी चिठ्ठी मुठीत धरून
प्रसूतीपासून शवागारापर्यंत चुकत राहायच्या.
सरांनी हे एकदा पाहिलं.
दुसऱ्यांदा आले ते बादल्या घेऊन.
हाडांकडे जायला बैलगाडीचं चाक,
पोरांकडे भोवरा,
डोळ्यांकडे पोपट.

पोपट माझ्या वाट्याला. वय बारा.
पोपटाच्या पायाला बोटं किती, न बघताच
पाच काढली, माझ्या हातासारखी.
कळलं तेव्हा रडकुंडीला येऊन
पांढऱ्यात ब्रश बुडवला.
सरांनी मनगट धरलं.
"राहू दे बे. चुकलंय, खरंय.
वहीत शंभर पाय काढ, खरा पोपट बघून.
भिंतीवरचा ठेव."
काढले शंभर.
एकोणसत्तराव्यानंतर जरा जमायला लागले.

परवा त्याच बोळाचं रंगकाम मला मिळालं.
खाली फिकट निळा, वर पांढरा,
चित्रांच्या जागी फ्लेक्स.
चाक गेलं. भोवराही गेला, माझ्याच रोलरखाली,
हे लपवत नाही.
पोपटापाशी आलो, तर मागून सिस्टर
कुणाला तरी सांगत होत्या,
"सरळ जा अव्वा, पाच बोटांचा पोपट लागला की
डावीकडं."

अव्वा आली. भिंतीला जवळजवळ नाक लावलं,
मोतीबिंदूतून, बोट ठेवून, एकेक मोजलं.
ऐदु, म्हणाली. आणि वळली.

रोलर खाली ठेवला.
पोपटाभोवतीचा पांढरा
बारीक ब्रशनं, हातानं नेला.
साहेबांशी उद्या भांडीन.
खाली कोपऱ्यात घोडा शोधला, बसून, नंतर उकिडवं होऊन.
नव्हता.
आमच्या भिंतीवर त्यांनी सही केलीच नव्हती.
आपण काढावा का, असं वाटलं क्षणभर.
ब्रश धुतला.