वहीतलं कुत्रं

पहिल्यांदा ती आली तेव्हा
मी कुत्रं सोडलं होतं तिच्या अंगावर.
रागानं नव्हे. भ्यालो होतो.
तिच्या काखेत वही, आणि मी नुकताच
सरहद्दीपलीकडच्या सोन्याच्या खाणीतून परतलेला,
सोळा वर्षांचा खोकला नि एक पत्र्याची ट्रंक घेऊन.
वहीवाली ज्या दारात थांबते
तिथं शेजारीण पुन्हा मीठ मागायला येत नाही,
हे आमच्या मालुती डोंगरात लेकरालाही ठाऊक.

ती अंगणातल्या धोंड्यावर बसली.
मक्याच्या लापशीचा गार गोळा कुत्र्यापुढे टाकला.
‘मी मारेत्सेपिले,’ म्हणाली. ‘रेत्सेपिलेची आई.’

आमच्यात सासर सुनेला नाव देतं
ते अजून न जन्मलेल्या लेकराचं.
रेत्सेपिले म्हणजे, आम्ही भरवसा ठेवला.
पोरगी चार वर्षांची होऊन गेली,
गोळ्या या डोंगरावर चढून येण्याआधीच्या
कुठल्याशा हिवाळ्यात.
लेकरू गेलं तरी नाव परत घेत नाहीत.
जो हाक मारेल तो तिला
भरवशाची आई म्हणतो, अजून.

औषधाचं ती आधी कधीच काढायची नाही.
मेंढ्यांना खरूज नाही ना?
छपराचं गवत बदललंस?
भावाचं पत्र?
मग हळूच, ‘डबी वाजवून दाखव.’
मी वाजवायचो.
कान तिरका करून ऐकायची,
किती उरल्या, किती चुकल्या.
एकदा मी खडे घालून वाजवली.
‘दगडाचा आवाज वेगळा असतो,’ एवढंच म्हणाली,
आणि त्या दिवशी चहा घेतला नाही.

तिच्या वहीत कुणाचंच नाव नव्हतं.
चित्रं होती.
किटली, मोडकं चाक, तीन कोंबड्या,
कोरफड, शिडी, चाळणी.
आणि शेपूट ताठ केलेलं कुत्रं.
‘हा मी का?’
‘दुसरं कोण?’

मग त्या जुलैत बर्फ पडलं, गुडघाभर.
क्लिनिकच्या वाटेवर तिचं तट्टू घसरलं,
तिच्या पायाचे दोन तुकडे झाले.
वही तिनं माझ्याकडे दिली.
मी म्हणालो, मला अक्षर येत नाही.
शाळेच्या वयात मी मेंढ्यांमागे होतो.
‘अक्षर आहे कुठे तिच्यात?’

दीड दिवस घोड्यावर. नर्सबाईनं
चित्रं बघत एकेक डबी फडक्यात बांधली.
परतताना मी दारोदार थांबलो.
किटली कोण, शिडी कोण,
ते तुम्हाला सांगणार नाही.
एवढंच की दोघं जण असे निघाले
ज्यांच्यापासून मी माझी डबी
तीन वर्षं लपवून ठेवली होती.
एकानं मला बघून दार लावलं.
मी धोंड्यावर बसून राहिलो.
कुत्रं त्याच्याकडेही होतं.

घरं सात, माझं धरून.
डब्या आठ.
वहीच्या शेवटच्या पानावर, कोपऱ्यात,
आठवं चित्र. नुसता एक धोंडा.
धोंडा तर प्रत्येकाच्या अंगणात असतो.
कोण बसतं त्याच्यावर, हे माझ्या ध्यानात यायला
अख्खी चढण लागली.
आमच्या दारांतून एवढं बोलली ती,
लाज कसली, ताप तो ताप,
आणि स्वतःचं हे
कोपऱ्यात, पेन्सिलीनं, पुसट.

ती गोधडीत होती, पाय फळ्यांत बांधलेला.
मी वही दिली. मग आठवी डबी
उशाशी ठेवली.
बराच वेळ चुलीकडे बघत राहिली ती.
मीही चुलीकडेच.

‘मेंढ्यांना खरूज नाही ना?’ मी विचारलं.
‘मला कुठल्या मेंढ्या,’ ती म्हणाली.
‘छपराचं गवत?’
ती हसली, दुखऱ्या पायासकट.

मग मी म्हणालो,
जुनी डबी आण. वाजवून दाखव.