नळाला न आलेलं पाणी

लेकानं पुण्याहून परस्पर पैसे भरले.
दोन रात्री, नाश्त्यासकट, तळ्याकाठी लाकडी खोली
आणि अंगणात गरम पाण्याचं पिंप.
पिंपच ते. पायऱ्या चढून जायचं, आत बसायला फळी,
चार माणसं मावतील एवढं.
मी म्हटलं, एवढं मोठं भांडं घासतं कोण?
मल्लेशी नावाचा पोरगा हसला,
"घासायचं नाही अक्का, बसायचं."

समोर राकसकोपचं पाणी, डोंगराला टेकून.
हेच पाणी अनगोळात आमच्या नळाला येतं,
आठव्या दिवशी, तेही पहाटे तीनला,
आधी नुसती हवा, मग तांबूस, मग जरा बरं.
हंडे, बादल्या, कुकरचं भांडंसुद्धा मांडून
आम्ही त्याची वाट बघतो.
आणि इथं ते पडून आहे,
वर दोन पाणकोंबड्या, काही काम नसल्यासारख्या.
मला राग आला. खरं सांगते.

दिवस मावळायच्या आत जेवण पाहिजे म्हटल्यावर
मॅनेजरनं दोनदा घड्याळ बघितलं.
साडेपाचला ताटं आली, कांदा नाही, बटाटा नाही,
बाकीचे पाहुणे तेव्हा चहा पीत होते.

मग अंधार.
मल्लेशी शेगडी पेटवायला लागला. लाकडं ओली, धूरच धूर.
ह्यांना राहवलं नाही. "सरक बाळ."
उद्यमबागेत फौंड्रीत एकतीस वर्षं,
लोखंडाचा रंग बघून सांगायचे,
ओता, नाहीतर थांबा.
एक लाकूड काढलं, दोन आडवी ठेवली,
मधून वाऱ्याला वाट दिली.
जाळ उभा राहिला, गुरुजी वर्गात आल्यासारखा.
"थर्मामीटर आहे की अज्जा," मल्लेशी म्हणाला.
ह्यांनी कोपरापर्यंत हात बुडवला.
"अजून तीन लाकडं."

दुसऱ्या पाळीवरून साडेबाराला घरी यायचे,
केसांत वाळू, कानांत वाळू.
मी पाणी तापवून ठेवायची.
पहिली बादली काळी जायची, दुसरी राखाडी,
तिसरीला माणूस दिसायचा.
नळ चुकलेल्या आठवड्यात तिसरी नसायची,
अर्धाच नवरा झोपायला यायचा.

सुनेनं दिलेला पोहायचा पोशाख बॅगेतच राहिला.
मी जुन्या गाऊनवर उतरले.
गाऊन भाकरीसारखा फुगला,
इकडून दाबला तर तिकडून.
पाणी गळ्यापर्यंत.
मनात हंडे मोजत होते, चाळीस, पंचेचाळीस,
पुढं विसरले.
एक किडा पडला, बारीक, हिरव्या पंखांचा.
ओंजळीनं काढून काठावर ठेवला.
हे पाणी गाळलेलं नाही, देवा,
आज तेवढं पोटात घाल.

"तुम्ही पण या की."
"जाळ कोण बघणार?"
"मल्लेशी आहे."
"त्याला काय कळतंय."

बसून राहिले शेगडीसमोर, उकिडवे,
गुडघ्याचं ऑपरेशन विसरून.
तोंडावर तांबडा उजेड,
एक डोळा बारीक केलेला,
ओठ थोडे उघडे, काहीतरी मोजत असल्यासारखे.
एकतीस वर्षं डबा भरून दिला,
कामावर ह्यांचं तोंड असं दिसतं
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"पाणी बेताचं आहे ना?"
न्हाणीच्या दाराबाहेरून मी रोज विचारायची, तसंच.
मी म्हटलं, थोडं विसण घाला.
घातलं. मोजून दोन तांबे.

सकाळी मल्लेशी बूच काढायला आला.
थांब म्हटलं, आधी चार कपडे पिळून घेते.
ह्यांचा सदरा, दोन टॉवेल, गाऊन,
मल्लेशीचा पण एक शर्ट घेतला, नको नको म्हणत होता.
मग पाणी सुटलं, गवतातून, उतारानं, तळ्याकडं.
ह्यांनी विचारलं, अनगोळात कधी पोचेल?
मी म्हटलं, मंगळवारी.
पहाटे तीनला.